वीस किलोमीटर तार, साडेतीन हजार व्होल्ट – आणि बिल कोण भरतं?

रावेरकडच्या एका मुलाने विचारलं आहे : ‘यानातून वीस किलोमीटर लांब तार सोडली, की ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना हजारो व्होल्ट तयार होतात, असं वाचलं. कोळसा नाही, डिझेल नाही. मग ही वीज आपण का वापरत नाही? आणि दुसरं, तारेचं एक टोक वर, दुसरं खाली. मग सर्किट पूर्ण कसं होतं? परतीची तार कुठे असते?’ मुलगा इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी केळीची बाग, आणि पंपाची थ्री-फेज अर्ध्या वेळा रात्रीच येते. तेव्हा ‘का वापरत नाही’ हा प्रश्न त्याने नुसता हौसेने विचारलेला नाही, हे मी समजून आहे.

मी नोकरीभर उपग्रहांच्या वीजव्यवस्थेवर काम केलं. पॅनेल, बॅटऱ्या, प्लाझ्मामुळे (सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूमुळे) यानाच्या अंगावर साचणारा चार्ज, हे सगळं. आता जळगावात असतो. त्यामुळे भाऊ, सविस्तरच सांगतो.

आधी थोडक्यात. वीज खरंच तयार होते, करून पाहिलेली आहे. पण ती फुकट नाही. तिची किंमत यान आपल्या उंचीतून मोजतं. चुंबकीय क्षेत्र मधला व्यवहार घडवून आणतं, स्वतःच्या खिशातून काही देत नाही. एवढं डोक्यात बसलं की या तारा कशासाठी चांगल्या आणि कशासाठी निरुपयोगी, हे आपोआप उलगडतं.

आता आकडे. तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर यान सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर वेगाने जातं. पृथ्वीबरोबर तिथला विरळ वायूही पूर्वेकडे फिरत असतो, म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्या यानाचा त्याच्या तुलनेतला वेग सव्वासात-साडेसात धर. तार उभी, वेग आडवा पूर्वेकडे, मग मोजायचं ते उत्तर-दक्षिण आडवं चुंबकीय क्षेत्र. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. अलिबागच्या वेधशाळेत (मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या तेव्हा कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडू नयेत म्हणून ती १९०४ मध्ये तिकडे हलवली) हा आडवा घटक ३८-३९ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास भरतो. जगात याहून फार जास्त तो कुठेच नाही. चारशे किलोमीटर वर गेलं की तो साधारण सहाव्या हिश्शाने कमी होतो, म्हणजे ३२ मायक्रोटेस्ला (हजार नॅनोटेस्लाचा एक मायक्रोटेस्ला). आता तुझं नेहमीचं सूत्र लाव, वेग गुणिले क्षेत्र गुणिले लांबी. एका किलोमीटरला सव्वादोनशे-अडीचशे व्होल्ट येतात. हे सगळ्यात चांगल्या जागी. कक्षेचा कल, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचं कमजोर क्षेत्र, हे सगळं धरलं तर दीडशे ते दोनशे म्हणायला हरकत नाही.

तार उभी कशी राहते, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होता. खालच्या टोकाला पृथ्वी जरा जास्त ओढते. वरचं टोक त्या उंचीच्या मानाने जास्त वेगात असतं, म्हणून ते बाहेर जाऊ पाहतं. या दोन्हींमुळे तार आपोआप ताणून उभी राहते. ताण मात्र किरकोळ असतो. वीस किलोमीटरवर पाचशे किलोचा उपग्रह लावला तरी चाळीस-पंचेचाळीस न्यूटन, म्हणजे चार-साडेचार किलो वजन टांगल्याइतका. लांबी कमी असताना तर हा ताण जवळजवळ नसतोच. म्हणून तार सोडायची सुरुवात ही सगळ्यात किचकट पायरी, आणि बरेच प्रयोग तिथेच अडकलेले आहेत.

आता तुझा दुसरा प्रश्न, परतीच्या तारेचा. तोच खरा महत्त्वाचा आहे, कारण भल्याभल्यांना तो सुचत नाही. तू यानातून दोन समांतर तारा सोडल्यास आणि टोकांना जोडल्यास, तर दोन्ही तारांत सारखंच व्होल्टेज तयार होईल, दोन्हींचा रोख एकच, आणि फेरी पूर्ण करताना ती एकमेकांना खाऊन टाकतील. हाती शून्य. एकसारख्या क्षेत्रात बंद वेटोळं सरळ रेषेत नुसतं पुढे सरकवलं तर काही मिळत नाही, हे तुझ्या पुस्तकातही आहे. म्हणजे परतीचा रस्ता असा हवा की जो यानाबरोबर पळत नाही.

तो रस्ता म्हणजे आयनांबर. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. तीनशे किलोमीटरवर दिवसा एका घनमीटरमध्ये दहाचा बारावा घात, म्हणजे लाख कोटीच्या आसपास इलेक्ट्रॉन. रात्री हाच आकडा दहाव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली जातो. हा प्लाझ्मा वीज वाहतो, आणि तो पृथ्वीबरोबर फिरतो, यानाबरोबर नाही. त्यामुळे तारेतलं व्होल्टेज टिकून राहतं आणि सर्किट प्लाझ्मातून पूर्ण होतं. पूर्वेकडे जाणाऱ्या यानात तारेचं वरचं टोक धन होतं, ते भोवतालचे इलेक्ट्रॉन गोळा करतं. ते तारेतून खाली येतात आणि खालच्या टोकाला परत बाहेर सोडावे लागतात.

हे ‘सोडावे लागतात’ दोन शब्दांत लिहून होतं, पण माणसांची आख्खी कारकीर्द त्यात गेली आहे. इलेक्ट्रॉन धातूच्या पृष्ठभागावरून सहजासहजी उडत नाहीत. इलेक्ट्रॉन गन लावावी लागते, किंवा पोकळ कॅथोड, म्हणजे झेनॉन वायूचा छोटा प्लाझ्मा फुंकून बाहेरच्या प्लाझ्माशी विजेचा पूल बांधणारं उपकरण. झेनॉन टाकीत भरून न्यावा लागतो, म्हणजे ‘इंधन नाही’ हेसुद्धा पूर्ण खरं नव्हे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असे झेनॉनचे प्लाझ्मा काँटॅक्टर सुरुवातीपासून आहेत. तिथे लांब तार वगैरे काही नाही, पण स्थानकाचा धातूचा सांगाडाच १०९ मीटर लांब. तेवढा सांगाडा त्या वेगाने चुंबकीय क्षेत्रातून गेला की दोन टोकांत वीस-तीस व्होल्टपर्यंत फरक पडू शकतो. त्यात सौर पॅनेलच्या व्होल्टेजमुळे साचणारा चार्ज वेगळा. बाहेर काम करणाऱ्या अंतराळवीराच्या सूटशी ठिणगी पडू नये म्हणून ती काळजी. संध्याकाळी सातपुड्यावरून तो ठिपका सरकताना दिसतो ना, त्याच्या अंगात तुझा हा परिणाम चालूच असतो, न मागता.

वीस किलोमीटरचा प्रयोग कोणता, ते आता सांगतो, कारण तू वाचलेला आकडा तिथलाच आहे. मारिओ ग्रोसी आणि जुसेप्पे कोलंबो या दोन इटालियन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली. नासा आणि इटलीची अंतराळसंस्था यांनी मिळून ती उडवली. पहिला प्रयत्न १९९२ मध्ये, अटलांटिस शटलवरून. तार २६० मीटरच्या पुढे गेलीच नाही. रिळाच्या यंत्रणेत एक बोल्ट बाहेर आलेला होता, तो आडवा आला. अब्जावधींचा प्रकल्प एका बोल्टाने अडवला. एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

दुसरा प्रयत्न फेब्रुवारी १९९६ मध्ये, कोलंबिया शटलवरून. हो, तेच कोलंबिया, जे पुढे २००३ मध्ये कल्पना चावला आणि तिच्या सहा साथीदारांना घेऊन परतताना कोसळलं. या वेळी तार व्यवस्थित सुटत गेली. वर ५१८ किलोचा, १.६ मीटर व्यासाचा गोल उपग्रह, खाली शटल, मध्ये तार. त्या तारेकडे जरा जवळून बघ. जाडी अडीच मिलिमीटर, इस्त्रीच्या वायरीहून बारीक. सगळ्यात आत नोमेक्सचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा दोरा. त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या दहा तारा गुंडाळलेल्या. त्यावर टेफ्लॉन जातीचं इन्सुलेशन, वीज अडवायला. त्यावर केवलार या चिवट कृत्रिम धाग्याचं विणकाम, ताण सहन करायला. आणि सगळ्यात बाहेर परत नोमेक्सचं आवरण, कारण त्या उंचीवरचा सुटा ऑक्सिजन केवलारला खातो. अशी पाच थरांची तार वीस किलोमीटर, एका रिळावर.

दहा बारीक तारांचा मिळून रोध वीस किलोमीटरला दोन हजार ओहमच्या आसपास जातो. तू लगेच हिशेब करशील. साडेतीन हजार व्होल्ट भागिले दोन हजार ओहम, पावणेदोन अँपिअर. हे बाहेर काहीच भार नसताना, सगळी ताकद तार तापवण्यातच गेली तर. भाराला जास्तीत जास्त पॉवर द्यायची तर भार तारेइतकाच ठेवायचा, मग दीड किलोवॅट. आणि हे प्लाझ्माने पाहिजे तेवढे इलेक्ट्रॉन दिले तर! प्रत्यक्षात तार १९.७ किलोमीटर सुटली होती, टोकांमधलं व्होल्टेज साडेतीन हजारांपर्यंत गेलं होतं आणि प्रवाह जवळपास अर्धा अँपिअर मोजला गेला. आधीच्या सिद्धांताने भाकीत केलं होतं त्यापेक्षा उपग्रहाने दोन-तीन पट जास्त इलेक्ट्रॉन गोळा केले. माझ्या मते त्या उड्डाणाची सर्वात मोठी कमाई ही. व्होल्टेज किती येणार ते फॅरेडेच्या काळापासून माहीत होतं. प्रवाह किती येणार, ते तिथे जाऊनच कळायचं होतं.

आणि मग तार तुटली. आमच्याकडे म्हणतात तसं, ‘तुटनी ना भो!’ शेवटचा एक किलोमीटर राहिला असताना, शटलच्याच बाजूला, जिथून तार बाहेर पडते त्या मनोऱ्याच्या आत. चौकशीत निघालं ते असं : इन्सुलेशनला कुठेतरी बारीक इजा झाली होती, बाहेरच्या कणाने किंवा आतल्याच दोषाने. तिथून तांब्याची तार आणि शटलचा धातूचा भाग यांच्यामध्ये ठिणगी पडली. इन्सुलेशनमध्ये अडकलेली हवा बाहेर पडली, तिने ठिणगीला चांगलाच आधार दिला. निर्वातात ठिणगी पडणं तसं अवघड असतं, पण थोडा वायू मिळाला की तीच धगधगत राहते. केवलार जळत गेलं, आणि चार-साडेचार किलोच्या त्या ताणालाही उरलेले धागे पुरले नाहीत. गंमत अशी की तुटताना आणि तुटल्यावरही काही काळ प्रवाह चालूच राहिला, उलट वाढून एक अँपिअरच्या आसपास गेला. तुटलेल्या टोकाशी वायू आणि प्लाझ्मा होता, त्याने इलेक्ट्रॉन सोडायचं काम आयतंच केलं. म्हणजे प्रयोग जिथे फसला तिथेच पोकळ कॅथोडची गरज किती खरी आहे हे सिद्ध झालं.

त्या तारेचा एक व्हिडिओ अजूनही फॉरवर्ड होत असतो, भोवती पांढऱ्या तबकड्या तरंगताना दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं ‘नासाने लपवलेलं सत्य’. त्या तबकड्या म्हणजे शटलजवळ तरंगणारे बर्फाचे-कचऱ्याचे कण, कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर गेलेले. पुढे जाऊ.

आता ‘बिल कोण भरतं’. तारेतून प्रवाह वाहू लागला की त्याच चुंबकीय क्षेत्राचा तिच्यावर धक्का बसतो, आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे तो गतीच्या विरुद्ध असतो. पूर्वेकडे जाणाऱ्या यानाला पश्चिमेकडे. तू भुसावळच्या बाजूचा, म्हणून रेल्वेचंच उदाहरण देतो. तीन-फेजची विजेची इंजिनं इगतपुरीहून कसाऱ्याकडे घाट उतरताना मोटारींचा जनरेटर करतात, गाडीला ब्रेक लागतो आणि वीज वरच्या तारेत परत जाते. ती वीज घाटातून आपोआप उगवलेली नसते, गाडी आधी कुणीतरी वर चढवलेली असते म्हणून मिळते. यानाचंही तेच. रॉकेटने त्याला वर नेताना जी ऊर्जा भरली, तीच तू तारेतून काढून घेतोस, आणि यान खाली येतं.

किती काढता येते? एक टनाचा उपग्रह ८०० किलोमीटरवरून २०० किलोमीटरवर आणला, तर त्याची एकूण ऊर्जा साधारण २५० कोटी ज्यूलने कमी होते. महावितरणच्या भाषेत सांगायचं तर ७०० युनिट. काहीही वाया न जाता सगळी हाती आली असं धरू. तुमचा पाच हॉर्सपॉवरचा पंप आठ तास चालला तर तीस-पस्तीस युनिट घेतो. म्हणजे एक टन वजनाचा उपग्रह आख्खा खाली आणून केळीला तीन आठवडे पाणी. आणि तो वर पाठवायचा खर्च विचारू नकोस.

दुसरं माप लाव. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राचा ५०० मेगावॅटचा एक संच तासाला पाच लाख युनिट देतो. तेवढी वीज अशा उतरणीतून काढायची तर तासाला ७०० टनांहून जास्त वजन ८०० वरून २०० किलोमीटरवर आणावं लागेल. अंतराळ स्थानक सगळं मिळून सव्वाचारशे टनांच्या आसपास आहे. म्हणजे दर तासाला पावणेदोन स्थानकं. आणि ती वीज खाली आणायची कशी, हा प्रश्न अजून उघडलेलाच नाही, कारण तारेचं खालचं टोकही जमिनीपासून शेकडो किलोमीटर वर आहे आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळतं आहे. तेव्हा खानदेशातल्या पंपांसाठी हा मार्ग बंद. साक्री तालुक्यातले सौर पॅनेल आणि पवनचक्क्या त्या कामाला सरस आहेत, प्रश्न फक्त वीज कोणत्या वेळी कुणाला द्यायची याचा आहे, आणि तो भौतिकशास्त्राचा नाही.

मग यानाच्या स्वतःच्या वापरासाठी? समज, तुला यानावर सतत एक किलोवॅट हवं. एक किलोवॅट भागिले साडेसात किलोमीटर वेग, म्हणजे ०.१३ न्यूटनचा सततचा ब्रेक. उंची टिकवायची तर तेवढाच धक्का इंजिनाने पुढे द्यायचा. साध्या रासायनिक इंजिनाचा वायू सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने बाहेर पडतो असं धरलं तर रोज जवळपास चार किलो इंधन, वर्षाला चौदाशे किलो. त्यापेक्षा पाच-सहा चौरस मीटर सौर पॅनेल आणि एक बॅटरी लावली, की काम झालं. म्हणून कुठल्याही उपग्रहावर तुला विजेसाठी अशी तार दिसत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. वरच्या हिशेबात एक किलो इंधनामागे सहा युनिटच्या वर वीज मिळाली. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या एक किलो मिश्रणात पूर्ण रासायनिक ऊर्जाच साडेचार युनिटच्या आत आहे, फ्यूएल सेलमधून, म्हणजे या दोन वायूंपासून थेट वीज बनवणाऱ्या उपकरणातून, तर त्याहून कमी निघते. मग आपण इंधनातून त्याच्यात होती त्यापेक्षा जास्त वीज काढली की काय? नाही. ते इंधन आधीच साडेसात किलोमीटर वेगाने पळत होतं. ते मागे फेकलं तेव्हा त्याने आपल्या रासायनिक ऊर्जेबरोबर कक्षेतली गतिज ऊर्जाही यानाच्या हवाली केली. हिशेब परत रॉकेटच्याच खात्यावर. थोड्या वेळासाठी मोठी वीज हवी असेल आणि इंधन नाहीतरी सोबत असेल, तर हा मार्ग फ्यूएल सेलपेक्षा सरस ठरू शकतो. वापर मात्र तेवढाच मर्यादित.

तर तार वीजघर म्हणून नापास. पण ब्रेक म्हणून, आणि उलट चालवली तर इंजिन म्हणून, ती खरोखर कामाची आहे. माझ्या मते पहिल्यापासून तिची ओळख तशीच करून द्यायला हवी होती. ‘अंतराळात वीजनिर्मिती’ हे मथळ्याला बरं दिसतं, पण त्याने तुझ्यासारखी पोरं भलत्याच अपेक्षेने येतात.

उलट चालवणं म्हणजे सौर पॅनेलची वीज वापरून तारेत विरुद्ध दिशेने प्रवाह ढकलायचा. मग धक्का पुढे बसतो आणि यान वर चढतं. दहा किलोमीटर तारेत एक अँपिअर ढकलला तर ०.३ न्यूटनच्या आसपास. आकडा चिल्लर वाटतो, पण अंतराळ स्थानकाला विरळ हवेचा जो अडथळा होतो तो याच पातळीचा असतो, आणि तो भरून काढायला दरवर्षी काही टन इंधन वर न्यावं लागतं. दोन्ही दिशांचा प्रयोग १९९३ मध्ये झालेला आहे, ५०० मीटर तारेवर, डेल्टा रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्याला बांधून. दोन्ही टोकांना पोकळ कॅथोड होते, प्रवाह ०.३ अँपिअरपर्यंत गेला, आणि तीच तार जनरेटर म्हणूनही चालली, मोटर म्हणूनही. वीस किलोमीटरच्या नाट्यापुढे हा छोटा प्रयोग कुणाला आठवत नाही. अभियंत्याने मात्र तोच आधी वाचावा.

आज जे काम चालू आहे ते बहुतेक ब्रेकवरच. कक्षेत मेलेले उपग्रह आणि रॉकेटचे रिकामे टप्पे साचत चाललेत. जाताना सोबत एक छोटं रीळ ठेवलं, आयुष्य संपल्यावर तार सोडली, तर इंधनाशिवाय तो कचरा खाली येतो. तारही बदलली आहे. गोल, इन्सुलेशन असलेली तार आता कुणी फारशी सुचवत नाही. १९९३ मध्ये शास्त्रज्ञ सानमार्तीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इन्सुलेशन काढूनच टाका, उघडी तारच आपल्या लांबीभर इलेक्ट्रॉन गोळा करते, वर मोठा गोल लावायची गरज नाही. शिवाय पातळ पट्टी वापरली, दोन-तीन सेंटिमीटर रुंद आणि कागदासारखी अ‍ॅल्युमिनियमची, तर बारीक उल्काकण तिला भोक पाडतो पण तोडत नाही. गोल बारीक तारेचं तसं नाही. १९९४ मध्ये एक वीस किलोमीटरचा दोर चार दिवसांत तुटला. १९९६ चा एक चार किलोमीटरचा दोर मात्र दहा वर्षं टिकला. असल्या नशिबावर कुणी डिझाइन करत नाही.

अडचणी संपलेल्या नाहीत. जपानने २०१७ च्या सुरुवातीला आपल्या मालवाहू यानातून ७०० मीटरची तार सोडायचं ठरवलं होतं. कॅथोड चालले, तार सुटलीच नाही. त्याआधी अमेरिकेचा एक मोठा प्रयोग कोलंबियाच्या अपघातानंतर उड्डाणापूर्वीच रद्द झाला, कारण स्थानकाशी टक्कर होण्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. किलोमीटरभर लांबीची वस्तू गजबजलेल्या कक्षेत सोडायची म्हणजे शेजाऱ्यांची परवानगी लागतेच.

एका ठिकाणी मात्र ‘फुकट वीज’ जवळजवळ खरी होते, आणि ते ठिकाण गुरू आहे. त्याचं चुंबकीय क्षेत्र आपल्यापेक्षा कितीतरी जबर, आणि तो दहा तासांच्या आत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्याबरोबर भोवतालचा प्लाझ्माही फिरतो. एका ठराविक अंतराच्या पलीकडे तो प्लाझ्मा उपग्रहापेक्षा जोरात धावत असतो. तिथे तार लावली तर प्लाझ्मा मागून येऊन तिला ढकलतो, म्हणजे वीजही मिळते आणि यान वरही चढतं. बिल गुरूच्या परिवलनातून जातं, आणि गुरूला ते जाणवणारही नाही. निसर्गात हे यंत्र चालूच आहे. आयो हा गुरूचा उपग्रह त्या प्लाझ्मातून जातो तेव्हा त्याच्या दोन बाजूंत चार लाख व्होल्टच्या आसपास फरक पडतो आणि लाखो अँपिअर प्रवाह गुरूपर्यंत जातो. तिथे सूर्यप्रकाश आपल्या सत्ताविसाव्या हिश्शाने, तेव्हा पॅनेलला पर्याय शोधणं वाजवीच आहे. अजून कुणी अशी तार तिथे नेलेली नाही.

तू शेवटी लिहिलं आहेस की प्रोजेक्टला हा विषय घेऊ का. घे, पण वीजघर म्हणून नको. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा घे. रिकामा झाल्यावर तो टनभराच्या आसपास असतो, आणि इस्रो त्यावर पोएम नावाने प्रयोग चालवते. १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणानंतर त्यांनी तो ६५० किलोमीटरवरून ३५० वर उतरवला, आणि मार्चमध्ये तो वातावरणात जळून संपला. उतरवायला उरलेलं इंधन वापरलं. तू विचार, तेच काम तारेने किती दिवसांत होईल?

ढोबळ हिशेब मी देतो. एक किलोमीटर पट्टी, सरासरी अर्धा अँपिअर, आडवं क्षेत्र २५ मायक्रोटेस्ला. ब्रेक आला ०.०१२५ न्यूटन. ६५० वरून ३५० वर यायला वेगाचा फरक सेकंदाला १६५ मीटरच्या आसपास. एक टनाला पाच महिने. वाटेत पावणेदोनशे व्होल्टवर ऐंशी-नव्वद वॅट निघतील, त्यातले थोडे टप्प्यावरच्या उपकरणांना देता येतील. त्या उड्डाणाची कक्षा विषुववृत्ताशी फक्त सहा अंशांचा कोन करणारी होती, म्हणून हे जमतं. पीएसएलव्हीची बरीच उड्डाणं ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत जातात. तिथे वेग आणि क्षेत्र जवळजवळ एकाच रेषेत येतात आणि व्होल्टेज पार कोसळतं. तो फरक तुझ्या रिपोर्टमध्ये वेगळा दाखव. परीक्षक तिथेच विचारतील.

अर्धा अँपिअर हे मी गृहीत धरलं आहे. प्रोजेक्टचं खरं काम तेच खोडून काढणं. चुंबकीय क्षेत्रासाठी आयजीआरएफ आणि आयनांबरासाठी आयआरआय ही दोन्ही मॉडेलं मोफत मिळतात. एका प्रदक्षिणेचे दर मिनिटाचे आकडे काढ, दिवस-रात्र दोन्ही बाजूंचे. प्रवाह रात्री कसा कोसळतो ते आलेखात दिसेल, आणि पाच महिन्यांचे आठ होतात की तीन, हेही. कॅथोडला लागणारा झेनॉन आणि रिळाचं वजन धरायला विसरू नकोस. आलेख तयार झाला की पाठव, गृहीतकं मी तपासून देतो.